यंत्र कुणाच्या अंगणात?

तृतीय वर्ष, कला

'सेन्सर' हा शब्द कला शाखेच्या विद्यार्थ्याच्या लेखात वाचून पुष्कळांच्या भुवया उंचावतील. आमच्या गावाकडे तर हा शब्द काढला की जुन्या माणसांना अजून सिनेमाला कात्री लावणारे सेन्सॉर मंडळच आठवते. मराठीत त्याला 'संवेदक' असा देखणा प्रतिशब्द आहे. पण तो पाठ्यपुस्तकाबाहेर पडलेला मी तरी पाहिला नाही. हवेतली धूळ, पावसाचे मान, जमिनीतली ओल, विहिरीची पातळी हे सारे आपोआप मोजून तो आकडा दूर कुठेतरी पाठविणारे एक लहानसे यंत्र, एवढाच अर्थ येथे घ्यावा.

अशा यंत्रांचे एक केंद्र आपल्या विद्यापीठाने उभारावे आणि त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, संगणक, वनस्पतिशास्त्र यांच्याबरोबर भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास आणि होय, मराठी विभाग यांनाही पहिल्या दिवसापासून जागा असावी, असे माझे म्हणणे आहे. 'पहिल्या दिवसापासून' हे शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. कारण आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. योजना विज्ञानवाल्यांनी आखायची, यंत्रे अभियंत्यांनी आणायची आणि सगळे उभे राहिले की उद्घाटनाचे सूत्रसंचालन, स्वागतगीत आणि दारापुढची रांगोळी यांसाठी कला शाखेला निरोप धाडायचा. हा लेख त्या रांगोळीविरुद्ध आहे.

हे सारे मला सुचण्याचे कारण पुस्तकी नाही. मी दुष्काळी तालुक्यातला. आमच्याकडे डाळिंबाच्या बागा आहेत आणि बागेला विमा आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात बागेचे काय झाले हे कोणी येऊन पाहत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राने काय नोंदविले, एवढेच पाहिले जाते. आंबिया बहारात अवकाळी पाऊस ठरल्यापेक्षा जास्त पडला, असे यंत्राने म्हटले तर भरपाई. न म्हटले तर नाही. राज्यात महसूल मंडळागणिक अशी केंद्रे उभी राहिली, हे काम लहान नव्हे. पण मंडळ म्हणजे दहापंधरा गावे, मधे एखादा डोंगर, एखादी खिंड. आमच्या शिवारात कळ्या झडेपर्यंत पाऊस कोसळला आणि दोन कोसांवरचे यंत्र कोरडे राहिले, असे एका वर्षी घडले. यंत्र खोटे बोलले नाही. त्याच्यावर पाऊस पडलाच नव्हता! चुलते तलाठ्याकडे गेले, कृषी साहाय्यकाकडे गेले, विमा कंपनीच्या माणसाकडे गेले. तिघांनीही एकच आकडा दाखविला. त्या आकड्याशी वाद कसा घालावा, हे चुलत्यांना ठाऊक नव्हते आणि पदवीच्या वर्गात बसलेल्या मलाही ठाऊक नव्हते.

माझ्या मते खरा प्रश्न येथे आहे. यंत्र किती अचूक, हा प्रश्न विज्ञानाचा. ते कुठे लावायचे, किती लावायची, त्याचा आकडा कोणाला दिसणार आणि त्या आकड्यावर कोणाचा संसार अवलंबून आहे, हे प्रश्न विज्ञानाचे राहत नाहीत.

जागेचा प्रश्न किती मोठा असतो, हे २६ जुलै २००५ रोजी मुंबईने पाहिले. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत त्याच शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्याला सुमारे ७३! एक शहर, एक दिवस, आणि दोन आकड्यांत बारा-तेरा पटींचा फरक. त्या दिवशी केवळ कुलाब्याचेच यंत्र असते तर कागदोपत्री मुंबईत पावसाळ्यातला एक साधा दिवस उजाडून मावळला असता. त्या प्रलयानंतरच शहरात ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसू लागले.

कुलाब्यावरून आणखी एक जुनी गोष्ट आठवते. तेथील वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून घेतल्या जात. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडणार हे उघड झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी ते काम खाडीपलीकडे अलिबागला हलविले. १९०४ साली अलिबागची चुंबकीय वेधशाळा सुरू झाली, आणि मुंबईत विजेची ट्राम धावण्यापूर्वी सुमारे दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जुनी मालिका आणि नवी मालिका यांचा सांधा जुळावा म्हणून! अलिबागचे ते काम आजही चालू आहे. मला या हकिगतीत दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. यंत्राची जागा शहराच्या इतिहासाने ठरविली, ही एक. आणि नवे यंत्र आले म्हणून मूस यांनी जुने लगेच मोडीत काढले नाही, ही दुसरी. हल्ली एखाद्या योजनेची मुदत संपली की तिचे यंत्र, खांब आणि आकडे तिन्ही एकदमच गंजू लागतात.

आता कोणी म्हणेल, हे सारे खरे; पण यात तुमचे कविता-कादंबऱ्यांचे लोक काय करणार? अमेरिकेतील दोन उदाहरणे देतो. २००२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या आणि इंटेल कंपनीच्या संशोधकांनी मेन राज्याजवळच्या ग्रेट डक नावाच्या बेटावर बत्तीस छोटी बिनतारी यंत्रे लावली. जमिनीत बिळे करून राहणाऱ्या पेट्रेल नावाच्या समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करायचा होता. माणूस वारंवार गेला की पक्षी घरटे सोडतात, म्हणून यंत्र. यंत्रे बर्कलीची खरी. परंतु बीळ कोणते, पक्षी कधी येतो, कोठे पाय टाकायचा नाही, हे ठाऊक होते ते कॉलेज ऑफ द अटलांटिक या चिमुकल्या महाविद्यालयाला. १९६९ साली निघालेल्या त्या महाविद्यालयात मानवी परिसरशास्त्र हा एकच पदवी-विषय शिकविला जातो! तेथे कला आणि विज्ञान अशा भिंतीच नाहीत. एवढे मोठे विद्यापीठ आणि एवढी मोठी कंपनी या लहानशा महाविद्यालयाच्या दारात गेली, हे आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरे उदाहरण त्याच वर्षी लॉस एंजेलिसला सुरू झालेल्या केंद्राचे. पुरस्कर्त्या होत्या संगणकशास्त्राच्या डेबोरा एस्ट्रिन. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने दहा वर्षे पैसा पुरविला. संगणकवाले, जीवशास्त्रज्ञ, भूकंपतज्ज्ञ अशी सगळी मंडळी एका छपराखाली आली. त्या छपराखाली ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या प्राध्यापिका क्रिस्टीन बोर्गमन आणि त्यांचे सहकारीही होते. ते पक्षी मोजत नव्हते की भूकंप. ही मंडळी एकमेकांशी कशी बोलतात, हे ते पाहत होते. त्यांना असे आढळले की 'आकडे' या शब्दाचा अर्थच दोघांचा वेगळा. यंत्र बनविणाऱ्याला यंत्र कसे चालले याच्या नोंदी हव्या होत्या, तर जीवशास्त्रज्ञाला रानात काय घडले याच्या. एकाचे धान्य ते दुसऱ्याचे भूस! हे कोणीतरी बाहेरून पाहून सांगितले नसते, तर दोघेही एकमेकांचे भूस पाखडत बसले असते. याच केंद्राशी संबंधित संशोधकांनी पुढे बांगलादेशात भातखाचरांत यंत्रे पुरून भूजलातल्या आर्सेनिकचा माग काढण्याचा प्रयत्न केला. तेथे त्यांना सर्वांत जास्त त्रास दिला तो बिघडलेल्या यंत्रांनी. खोटा आकडा ओळखायचा कसा, हाच अभ्यासाचा विषय होऊन बसला.

बिघडण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण यंत्र म्हटले की आपण कला शाखेचे लोक उगाच हात जोडून उभे राहतो. स्वयंचलित पर्जन्यमापकात तराजूच्या पारड्यांसारखे दोन पेले असतात. एक भरला की कलंडतो, दुसरा वर येतो. प्रत्येक कलंडणे मोजले जाते. त्यात कोळ्याने जाळे विणले, पक्ष्याने घाण केली किंवा लिंबाचे पान अडकले की पाऊस 'थांबतो'. फार जोराचा पाऊस असला तर पेला कलंडेपर्यंतचे पाणी वाया जाते आणि आकडा कमी येतो. हवेतली धूळ मोजणारी स्वस्त यंत्रे आणखी मजेदार. एका डबीत लेसरचा किरण सोडलेला असतो. धुळीच्या कणांनी किती प्रकाश विखुरला त्यावरून पीएम २.५ चा अंदाज बांधतात. हवा दमट झाली की कण पाणी पिऊन फुगतात आणि यंत्र म्हणते, धूळ वाढली! म्हणून अशा यंत्राला आधी उत्तम दर्जाच्या मोठ्या यंत्राशेजारी काही काळ ठेवून त्याचा स्वभाव ओळखावा लागतो. मोठे केंद्र कोटीच्या घरात जाते. डबी काही हजारांत मिळते. या दोहोंचा मेळ घालणे, हे विज्ञान शाखेचे काम आणि ते त्यांनीच करावे. तेथे आम्ही मत मांडायला जाणार नाही. कलंडणारा पेला बहुमताने कलंडत नसतो.

पण जाळे काढणार कोण? आणि पान अडकले आहे, हे आधी लक्षात येणार कोणाला? शेजारच्या माणसाला. त्या माणसाला यंत्र आपले वाटले तर तो सांगेल. सरकारचे किंवा कंपनीचे वाटले तर गंमत बघेल. आंध्र प्रदेशात २००३ पासून काही वर्षे चाललेल्या शेतकऱ्यांच्या भूजल प्रकल्पाचा धडा मला येथे फार महत्त्वाचा वाटतो. सात अवर्षणप्रवण जिल्ह्यांत शेतकरी स्वतः पाऊस मोजीत, विहिरींची पातळी मोजीत आणि आकडे गावातल्या फलकावर रंगवीत. हंगामाच्या तोंडाला गाव बसून पाण्याचा हिशेब मांडी. अमुक पीक घेऊ नका, अशी सक्ती कोणी केली नाही. हिशेब सर्वांनी मिळून केलेला असल्यामुळे पुष्कळांनी आपण होऊन पाणी कमी लागणारी पिके धरली. आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारनेही पाण्याचा वार्षिक ताळेबंद गावासमोर मांडण्याची प्रथा पाडली, ती सर्वांना ठाऊकच आहे. दोन्हीकडची साधने साधीच. पण मोजणारा हात गावाचा होता.

उलट बाजूही पाहू. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गाडले गेले. दीडशेवर माणसे गेली. बातमी बाहेर पोहोचली ती कोणत्याही उपकरणातून नव्हे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गावच जागेवर दिसले नाही, तेव्हा. पुढे २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. केरळात मुन्नारजवळच्या डोंगरउतारावर अमृता विश्वविद्यापीठाने जमिनीत खोलवर संवेदक पुरून दरडीची पूर्वसूचना देणारी व्यवस्था उभी केली आहे. म्हणजे हे अशक्य नाही. पण अशी सूचना मध्यरात्री आली तर ती कोणत्या भाषेत यावी? 'भूजलदाबात लक्षणीय वाढ' असा संदेश वाडीवरच्या म्हातारीच्या नातवाच्या मोबाइलवर आला तर त्याने काय समजावे? तो संदेश ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या बोलीत कसा असावा, सांगणारा माणूस कोण असावा, दोनदा खोटी हाकाटी झाल्यावर तिसऱ्यांदा लोक घर सोडतील का? यांतला पहिला प्रश्न भाषेच्या विभागाचा, दुसरा समाजशास्त्राचा, तिसरा मानसशास्त्राचा. मराठी विभागाच्या उल्लेखावर जे हसले असतील, त्यांना मी एवढेच विचारतो की तो संदेश लिहिणार कोण?

आणि इतिहासही आहेच. हवामान खात्याचा व्याप १८७५ पासूनचा. पुण्याला त्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून १९२८ साली आले. पण गावोगावच्या टिपणांत, देवस्थानांच्या जमाखर्चात, दुष्काळी कामांच्या कागदांत, मोडी दप्तरांत पावसाचे, टंचाईचे, पुराचे उल्लेख विखुरलेले असतात. पंचांगातल्या नक्षत्रांच्या वाहनांवर, म्हणजे बेडूक, म्हैस, मोर, गाढव यांच्यावर माझी श्रद्धा नाही. तरीही मृगात पेरायचे की आर्द्रेपर्यंत थांबायचे, याविषयी म्हाताऱ्यांच्या बोलण्यात जे येते ते कोणी नीट उतरवून यंत्राच्या आकड्यांशेजारी ठेवले आहे का? ठेवले तर काही चुकीचे निघेल, काही बरोबरही निघेल. ते ताडून पाहणे हे संशोधन नव्हे काय?

आता व्यवहाराचे बोलू. विद्यापीठाने केंद्र काढायचे म्हटले की पहिली मागणी इमारतीची होते. काचेची तावदाने, वातानुकूलित सभागृह, कोनशिला. माझी सूचना निराळी आहे. विद्यापीठाकडे एक जाळे आधीच पसरलेले आहे. त्याचे नाव संलग्न महाविद्यालये. तालुक्यातालुक्यात कुंपण असलेले मैदान, वीज, पहारेकरी, भूगोल विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आहेत. मुख्य ठिकाणी प्रयोगशाळा असावी, यंत्रे तपासून पारखण्याची सोय असावी. पण यंत्रे महाविद्यालयांच्या आवारात आणि तेथून शेजारच्या गावांत जावीत. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेत. त्या श्रेयांकांसाठी आज आपण काय करतो, ते मी या अंकात लिहिले तर संपादक छापणार नाहीत. 'ग्रामपंचायतीची रचना व कार्ये' ही फाईल किती पिढ्यांनी उतरवून काढली असेल! त्याऐवजी एका विद्यार्थ्याने एका विहिरीची पातळी वर्षभर पंधरवड्याला मोजली तर? भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या ठरलेल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात शेजारशेजारच्या दोन विहिरींचे पाणी सारखे नसते; तेव्हा मधल्या विहिरी मोजणारा कोणीतरी हवाच आहे.

यावर आमच्या एका प्राध्यापकांनी वर्गातच आक्षेप घेतला. ते म्हणाले, "मे महिन्यात तुम्ही सगळे गावी जाता. नोंद कोण घेणार? अर्धवट मालिका ही न घेतलेल्या मालिकेपेक्षा वाईट." आक्षेप बिनतोड नसला तरी खरा आहे. माझे उत्तर असे की आम्ही गावी जातो म्हणजे विहिरीजवळच जातो. प्रश्न उलट सत्र चालू असतानाचा आहे. त्या काळात गावातला जो माणूस मोजील, त्याला मोबदला मिळाला पाहिजे. यंत्राला वार्षिक देखभालीचा खर्च मंजूर होतो आणि यंत्राकडे पाहणाऱ्या माणसाला मात्र 'लोकसहभाग' या नावाखाली फुकट राबवितात, ही लबाडी आपल्या केंद्रात नसावी. केंद्राच्या अंदाजपत्रकात खरेदीइतकाच पैसा पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीला आणि माणसांना नसेल, तर ते काढूच नये, या मताचा मी आहे.

दुसरी अट आकड्यांची. जे मोजले जाईल ते त्याच दिवशी, ज्याच्या अंगणात यंत्र आहे त्याला मराठीत दिसले पाहिजे; कंपनीला, सरकारला आणि संशोधकाला नंतर. कारखान्याच्या धुरांड्याजवळचा आकडा 'तूर्त गोपनीय' ठरू लागला की त्या सेन्सरचा सेन्सॉर झाला म्हणून समजावे. आणि आमच्या मंडळातल्यासारखा प्रसंग उद्या आला, तर शेजारच्या महाविद्यालयातल्या पारखलेल्या यंत्राची नोंद शेतकऱ्याला तलाठ्यापुढे ठेवता आली पाहिजे. ती विम्यासाठी ग्राह्य धरायची की नाही, हा धोरणाचा प्रश्न आहे. त्याचा अभ्यास अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र विभागांनी करावा. वादासाठी निदान दुसरा आकडा तरी हातात असेल.

केंद्र होईल तेव्हा होवो. आपल्या महाविद्यालयापुरते सांगायचे तर भूगोल विभागाचा हातमोजणीचा पर्जन्यमापक आजमितीस ग्रंथालयाच्या भिंतीलगत आहे, आणि भिंतीमुळे नैर्ऋत्येचा पाऊस त्याच्यापर्यंत पुरता पोहोचत नाही. नियम असा, की अडथळा जितका उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर यंत्र असावे. मैदानाच्या पूर्वेचा, खो-खोच्या खांबापलीकडचा कोपरा या हिशेबात बसतो. क्रीडा विभागाची संमती तेवढी हवी. सकाळी साडेआठची नोंद घेण्यासाठी वसतिगृहातल्या चौघांनी नावे दिली आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी यंत्र हलविले, तर हा पावसाळा हाती लागेल.